शून्याखालचा आकडा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहत हे बोलणं मला अजून जमणार नाही — आणि न बोलता राहणं आता त्याहून कठीण झालंय.

प्रमिलाताईपासून सुरू करते.

ती आमच्या गावची, कारध्याची. आमचं घर धानाच्या शेतीवाल्या लोकांच्या आळीत, तिचं बौद्ध वस्तीत. मध्ये फक्त एक रस्ता. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी पाचवीत भंडाऱ्याच्या शाळेत जायला लागले तेव्हा ती दहावीत होती आणि तिच्याकडे सायकल होती. दोन वर्षं मी तिच्या कॅरिअरवर बसून वैनगंगेचा पूल ओलांडला. पुलावर वारा फार. ती मान न वळवता ओरडायची, “शीतल, पकडून बसली ना वं?” मी हो म्हणेपर्यंत ती पायडल मारायची नाही.

ती नर्स झाली. त्यांच्या घरातली पहिली नोकरी. मी इंजिनिअर झाले आणि नागपूरच्या एका लहानशा कंपनीत लागले. पाच-सहा जण, दोन खोल्या. आम्ही तापमान नोंदवणारी यंत्रं बनवत होतो. लस ठेवायचा जो फ्रिज असतो ना आरोग्य केंद्रात, त्याच्या आत एक सेन्सर, बाहेर हातभर वायर, आणि भिंतीवर एक छोटी पेटी. दर दहा मिनिटांनी आकडा घ्यायचा, पडद्यावर दाखवायचा, सिमकार्डावरून पुढे पाठवायचा. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. वर गेली तर खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही लसी गोठल्या तरी मरतात, हे मला ते काम करताना कळलं. बाटली तशीच दिसते, सुई तशीच टोचते, बाळ तसंच रडतं. फक्त आत काही उरलेलं नसतं.

त्या पेटीतला प्रोग्राम मी लिहिला होता. सगळा. एकटीने.

आता थोडं समजावून सांगावं लागेल. कंटाळू नका, फार नाही.

यंत्रात आकडा ठेवायचा तर आधी ठरवावं लागतं — हा आकडा उणे होऊ शकतो की नाही? होऊ शकत असेल तर तो साइन्ड. होणार नसेल तर अनसाइन्ड, म्हणजे शून्य आणि त्याच्या वर, बस. जागा दोघांनाही सारखीच, सोळा बिटांची. आतले बिटही तेच. फक्त वाचायची पद्धत वेगळी. जुन्या स्कूटरचं मीटर शून्यावरून एक घर मागे फिरवलं की ते सगळे नऊ दाखवतं ना, तसंच हे. उणे पाच अनसाइन्ड म्हणून वाचलं की ते पासष्ट हजार पाचशे एकतीस होतं.

प्रोग्राम लिहायच्या काही भाषा याबाबत कडक असतात. रस्टमध्ये हे दोन प्रकार एकमेकांशी तोलायला गेलात तर प्रोग्राम तयारच होत नाही. बदल करायचा तर स्वतःच्या हातानं लिहून द्या, म्हणते. जावात अनसाइन्ड पूर्णांक जवळपास नाहीतच. मी सी नावाची भाषा वापरत होते. आमच्या त्या छोट्या चिपवर साइन्ड आणि अनसाइन्ड समोरासमोर आले की सी साइन्डचं अनसाइन्ड करून टाकते आणि पुढे जाते. विचारत नाही. फार तर तयार होताना एक पिवळी ओळ दाखवते — इकडे लक्ष द्या, म्हणून.

मी तापमान अनसाइन्डमध्ये ठेवलं होतं. का? भंडाऱ्यात कुठे तापमान उणे होतं? इतकाच विचार. फ्रिजच्या आत काय होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही.

गोठण्याचा भोंगा उणे अर्ध्या अंशाला वाजायला हवा होता. यंत्र एका अंशाचे दहा भाग धरून मोजायचं, म्हणजे त्याच्या हिशेबात उणे पाच. मी तसं लिहिलं आणि भोंगा सुरू झाला तो थांबेचना — फ्रिज साडेचार अंशांवर, सगळं ठीक, आणि भोंगा वाजतोच आहे. त्या बिचाऱ्याच्या दृष्टीनं पंचेचाळीस हे पासष्ट हजार पाचशे एकतीसपेक्षा कमीच होतं ना. मला ते समजलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र दाखवायला न्यायचं होतं. मी उणे पाच खोडून शून्य केलं. शून्याच्या खाली गेलं तर वाज. भोंगा बंद झाला.

बंद होणारच होता. अनसाइन्ड आकडा शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. तो भोंगा आता कधीच वाजणार नव्हता.

पिवळी ओळ आली. तिनं नेमकं हेच म्हटलं होतं, की ही तुलना कधीही खरी ठरणार नाही. मी वाचली. वाचलीच नाही असं म्हणू शकले असते, पण वाचली. आणि इशारे दाखवू नकोस असं एक बटण असतं, ते लावून टाकलं.

आणखी एक गोष्ट मी आधीच करून ठेवली होती. साठ अंशांच्या वरचा खुळा आकडा आला तर तो वायरीचा बिघाड समजायचा, टाकून द्यायचा, आणि त्याच्या जागी आधीच्या चांगल्या आकड्यांची सरासरी दाखवायची. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून. म्हणजे फ्रिज गोठायला लागला की माझं यंत्र तो आकडा फेकून देणार होतं आणि त्या जागी कालचा चांगला आकडा दाखवणार होतं.

इथपर्यंत चूक होती. चुका होतात. मी जे सांगायला बसलेय ते हे नाही.

ती यंत्रं जिल्ह्यात काही केंद्रांवर लागली. एक केंद्र प्रमिलाताईचं होतं. लसीच्या खोलीची किल्ली तिच्याकडे. पेटी भिंतीवर लावायला मी स्वतः गेले होते. तिनं सगळ्या केंद्राला गोळा केलं. “हे आमच्या शीतलनं बनवलं. माह्या सायकलवर बसून शाळेत जाये.” शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तिनं तो पडदा दाखवला. मला पोहे खाऊ घातले, वरून तर्री ओतली, आणि मी खात असताना माझ्याकडे पाहत बसली. जणू पेटी तिनंच बनवली होती.

तिच्या फ्रिजमध्ये काचेचा एक थर्मामीटरही होता. सकाळ-संध्याकाळ त्यातला आकडा ती रजिस्टरमध्ये हातानं लिहायची. नियमच होता तो.

जानेवारीत थंडी पडली. त्या फ्रिजचं थर्मोस्टॅट बिघडलं आणि तो थांबेनासा झाला. हे सगळं नंतर कळलं. मला आला तो फक्त एक फोन, सकाळी नऊ-सव्वानऊला. मी ऑफिसात होते, एका नव्या यंत्राच्या मागे लागलेली.

“शीतल, कामात आहे का वं? काचेचं उणे एक दाखवून राहिलं. कालपासून. तुही मशीन साडेतीन म्हणते. काय खरं समजू?”

मी काय करायला हवं होतं? दहा मिनिटं. आपला प्रोग्राम उघडून पाहायचा. किंवा नुसतं म्हणायचं — ताई, मला माहीत नाही, तू लस बाजूला काढ. मी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

“ताई, मशीन बरोबर आहे. ते काचेचं किती जुनं झालं! मशीनचा आकडा लिहीत जा.”

“पक्कं ना?”

“पक्कं.”

तिनं दोन दिवसांचे उणे आकडे एका सरळ रेघेनं कापले, वर साडेतीन लिहिलं, आणि बाजूला सही केली. लपवायचं असतं तर पान फाडलं असतं. तिनं सही केली. मी सांगितलं होतं म्हणून.

दहा-अकरा दिवसांनी तपासणीला वरचे साहेब आले. एका लसीची बाटली त्यांनी हलवली आणि टेबलावर ठेवली. थोड्या वेळात तळाशी पांढरा गाळ बसला. गोठलेली लस अशी ओळखतात. दुसरी हलवली, तिसरी. सगळ्यांत गाळ. मधल्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या कितीतरी बाळांना तीच टोचली होती.

प्रमिलाताईनं मला त्याच दुपारी फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, “काय झालं मले समजूनच नाही राहिलं वं.”

मी एक जादा सेन्सर घेतला, स्टीलच्या डब्यात बर्फ आणि मीठ घातलं, वायर आत सोडली. पाच मिनिटं लागली. आतला कच्चा आकडा पासष्ट हजारांवर गेला आणि पडद्यावर शांतपणे आदल्या तासाची सरासरी दिसत राहिली. भोंगा गप्प. मी डब्यात बोट घातलं. का घातलं कोण जाणे. दुखेपर्यंत ठेवलं.

कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, “दुरुस्त कर, सगळ्या पेट्यांना अपडेट टाक. लेखी काही नको.” दुरुस्ती म्हणजे एक शब्द. अनसाइन्ड होतं तिथं साइन्ड, आणि शून्याच्या जागी परत उणे पाच. संध्याकाळच्या आत सगळ्या पेट्या खरं बोलायला लागल्या. सरांचं नाव घेऊन मी सुटू शकत नाही. चौकशीच्या खोलीत सर नव्हते. मी होते.

चौकशी भंडाऱ्याला झाली. लांब टेबल, तीन अधिकारी. प्रमिलाताई एका बाजूच्या खुर्चीवर, पांढऱ्या साडीत, रजिस्टर मांडीवर. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. तज्ज्ञ!

आधी तिला विचारलं, आकडे का खोडले? ती म्हणाली, “साहेब, मी शीतल मॅडमले फोन केला होता. त्यांनी मशीनचा आकडा लिहा म्हटलं.” मॅडम. पहिल्यांदा तिनं मला मॅडम म्हटलं, त्या लोकांसमोर माझा मान राहावा म्हणून.

मग मला विचारलं. यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं का?

मी म्हणाले, “नाही.”

त्या फोनवर तुम्ही काय सांगितलं?

इथं मी थांबू शकले असते. खरंच थांबले होते — खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती, हे मला अजून ऐकू येतं. ते तिघं वाट पाहत होते. मी म्हणाले, “मी त्यांना म्हणाले, शंका असेल तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. आकडे खोडा असं मी कशाला सांगेन?”

प्रमिलाताईनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती आठवायचा प्रयत्न करत होती. डोळे बारीक करून, मनातल्या मनात तो फोन पुन्हा ऐकत. तिला वाटलंच नाही की मी खोटं बोलतेय. मग ती साहेबांकडे वळून म्हणाली, “तसं म्हटलं असंन त्यांनी. माह्या ऐकण्यात नाही आलं.”

बाहेर माझ्या जबाबावर सही घेताना तिथला बाबू मला चहा देत म्हणाला, “यांच्या लोकांना नोकरी भेटते मॅडम, काम येत नाही.” तो माझ्याच जातीचा असावा, माझं आडनाव त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. मी काय केलं? चहा प्याले. गरम होता, फुंकून फुंकून प्याले. आणि सही करून नागपूरची बस धरली.

निष्काळजीपणा आणि नोंदीत खाडाखोड, असा ठपका तिच्यावर आला. पण त्याच्या आधी तिला ज्या-ज्या बाळांना लस टोचली होती त्यांच्या घरी फिरून सांगावं लागलं — पुन्हा टोचावी लागेल, परत आणा. हे तिनंच मला सांगितलं, पुढे कधीतरी कारध्याला भेटलो तेव्हा. एका आईनं बाळ पोटाशी धरून दार लावून घेतलं होतं. “म्हणे, तू हात नको लावू माह्या लेकराले. बरोबरच आहे ना वं तिचं?” असं मलाच विचारलं तिनं. मी म्हणाले, लोक असेच असतात. लोक!

तिला कोंढ्याच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात टाकलं. घरापासून दोन बस बदलून. लस टोचणं तिनं हळूहळू सोडलं. सोबतच्या मुलीला सांगायची, तू टोच, मी बाळ धरते. कुठलाही आकडा दोघांकडून वाचून घ्यायची. माझ्या आईचा बीपी ती आधी पट्टा बांधून झटकन सांगायची. नंतर एकदा दिवाळीत आमच्याकडे आली, पट्टा बांधला, मोजलं, आणि मला हाक मारली. “शीतल, तू पाहा बरं किती आहे. माह्या डोळ्याचा मले भरोसा नाही राहिला.” मी पाहिलं. एकशे तीस, ऐंशी. “किती दिसलं तुला?” मी विचारलं. तिलाही तेच दिसलं होतं.

तेव्हा का नाही सांगितलं? आई समोर होती, दिवाळी होती. कारण कसलंही असो, मी नाही सांगितलं.

पुढे काही वर्षांनी तिच्या किडन्या गेल्या. त्याचा याच्याशी संबंध नाही. मी स्वतःला नको ती शिक्षाही देऊ इच्छित नाही, कारण त्यातही एक सुख असतं. नागपूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी दर दोन-तीन दिवसांनी जायचे. लोकांना कौतुक वाटायचं. तिची मुलगी अश्विनी म्हणायची, “मावशी, तुमच्यासारखं कोणी नाही येत.” मी ताईसाठी भात आणि पातळ वरण घेऊन जायचे. मीठ न घालता.

एका दुपारी अश्विनी औषध आणायला खाली गेली. वॉर्डात ऊन आलं होतं. ताईचा हात सुजलेला, सुई टोचायला शीर सापडत नव्हती. ती म्हणाली, “एक विचारू का वं शीतल? खरं सांगशीन?”

मी म्हणाले, विचार.

“त्या फोनवर तू मले काय म्हटलं होतं? मले अजून तेच ऐकू येते — मशीन बरोबर आहे, मशीनचा आकडा लिहीत जा. इतके वर्ष झाले, तरी तसंच ऐकू येते. माह्या मनानंच बनवलं का ते? नाही म्हणजे, माह्यावर इल्जाम आला त्याचं नाही आता काही. फक्त हे डोक्यातून जात नाही. मी खोटी होती का, तेवढंच पाह्यचं होतं.”

ती काही मागत नव्हती. नोकरी परत नको होती, कुणाला कळायला नको होतं. वॉर्डात आम्ही दोघीच जवळ होतो. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. मला फक्त म्हणायचं होतं — तू बरोबर ऐकलंस. तीन शब्द.

मी तिच्या पांघरुणाची घडी नीट केली. म्हणाले, “जाऊ दे ना ताई. किती जुनं झालं ते. आता डोक्याले ताण नको देऊ.”

मग तिनंच माझी सुटका केली. “हो,” म्हणाली, “माह्याच कानाचं असंन.” आणि भिंतीकडे वळली.

अश्विनी औषध घेऊन आली. मी डबा आवरला आणि निघाले. पुढच्या आठवड्यात ताई गेली.

वैनगंगेच्या काठी तिला नेलं तेव्हा मी होते. त्या केंद्रातले जुने लोकही दोघं-तिघं आले होते, लांब उभे होते. त्यातला एक हळू आवाजात दुसऱ्याला सांगत होता, की हीच ती, लसीवाली. मी ऐकलं. तिथंही मी काही बोलले नाही.

लोकांना मी अजूनही बरी वाटते. कामात माझं नाव आहे. नव्या मुलांना मीच शिकवते की साइन्ड आणि अनसाइन्ड एकत्र आले की काय होतं, पिवळ्या ओळी बंद करू नका. मुलं वहीत लिहून घेतात. हे तुम्हाला कुठे नडलं, मॅडम, असं एकीनं विचारलं होतं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये, मी म्हणाले.

अश्विनीला मी हे लिहून पाठवणार आहे की नाही, मला माहीत नाही. पाठवीन असं इथं म्हटलं तर तुम्हाला माझ्याबद्दल थोडं बरं वाटेल, म्हणून म्हणत नाही.

प्रमिलाताईनं काचेत उणे एक पाहिलं होतं. ते उणे एकच होतं. तिनं फोनवर जे ऐकलं ते मी तसंच्या तसं म्हटलं होतं. हे मला चौकशीच्या खोलीत माहीत होतं, दिवाळीत माहीत होतं, आणि त्या दुपारी तिच्या खाटेशी बसले होते तेव्हाही माहीत होतं.